पीळ येतो कुठून: द्विमितीय चुंबकांतल्या स्कर्मियॉनवरच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी, सांगली

विषय पक्का झाला. थराथरांच्या द्विमितीय पदार्थांतले चुंबकीय स्कर्मियॉन, म्हणजे अणूंच्या चुंबकीय बाणांनी (स्पिननी) केलेले बारीक, गाठीसारखे भोवरे. एमएस्सीच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प, आम्ही दोघी मैत्रिणी आणि मार्गदर्शक मॅडम.

नमुना बनवणं आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा पातळ पापुद्रा उघड्या हवेत काही मिनिटांतच खराब व्हायला लागतो. त्याला ग्लोव्हबॉक्स (हवा आत न येऊ देणारी पेटी) लागतो, आणि चुंबकत्व बघायचं तर थेट ४५ केल्विनच्या खाली जावं लागतं. आमच्याकडे दोन लॅपटॉप आणि विभागातला एक डेस्कटॉप. म्हणजे काम सगळं गणनेचं.

मॅडमनी पहिल्याच बैठकीत एक प्रश्न दिला आणि तोच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय: "स्कर्मियॉन व्हायला पीळ लागतो. हे स्फटिक तर सममित आहेत. मग पीळ येतो कुठून?"

९ जानेवारी

वाचन. शेजारशेजारचे दोन स्पिन साधारणपणे एकाच दिशेनं उभे राहू पाहतात, ती एक्स्चेंज ऊर्जा, तिचं माप जे (J). याच्याविरुद्ध एक छोटी ऊर्जा असते जी शेजाऱ्याला थोडं वळायला लावते, आणि तेही एकाच हाताला: ठरलेलं डावं किंवा ठरलेलं उजवं. झ्यालोशिन्स्कीनं १९५८ च्या सुमारास सममितीवरून ती असू शकते हे दाखवलं आणि मोरियानं १९६० मध्ये तिचं सूक्ष्म कारण सांगितलं: स्पिन-ऑर्बिट जोड, म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची अणूतली गती यांची सांगड. दोघांच्या नावानं तिला डीएमआय म्हणतात, माप डी (D).

या दोन ऊर्जांच्या ओढाताणीत स्पिन सरळ राहत नाहीत, प्रत्येक घराला (जाळीतल्या एकेका जागेला) ठराविक कोनानं वळत जातात. कोन काढणं सोपं आहे. एका जोडीची ऊर्जा उणे जे गुणिले कोनाचा कोसाइन, उणे डी गुणिले साइन. ती सगळ्यात कमी कुठं, तर कोनाचा टॅन्जंट डी भागिले जे असेल तिथं. डी जर जेच्या ०.२ पट घेतला तर कोन ११.३ अंश, आणि पूर्ण फेरा सुमारे ३१.८ घरांत. संगणक सुरू करण्याआधीच उत्तर हातात आहे, हे मला फार आवडलं. कोड बरोबर चाललाय की नाही ते यावरून कळेल.

अशा पिळाच्या लाटेवर योग्य तेवढं चुंबकीय क्षेत्र लावलं की ती तुटून भोवऱ्यांची जाळी होते. बोग्दानोव आणि याब्लोन्स्की यांनी १९८९ मध्ये हे कागदावर मांडलं होतं. प्रत्यक्षात दिसायला २००९ उजाडलं: मँगनीज सिलिसाइडमध्ये, न्यूट्रॉनच्या प्रयोगात, २९ केल्विनच्या जरा खाली. पुढच्याच वर्षी जपानमधल्या गटानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं एकेक भोवरा डोळ्यांना दाखवला. नाव टोनी स्कर्म या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचं. त्यानं १९६० च्या आसपास ही कल्पना अणुकेंद्रातल्या कणांसाठी काढली होती, चुंबकांशी तेव्हा तिचा काहीच संबंध नव्हता.

१४ जानेवारी

संक्रांत. दुपारी जेवणानंतर कोडला सुरुवात. पायथन, नमपाय, चौकोनी जाळी, प्रत्येक घरात एकक लांबीचा बाण. कडा एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे उजवीकडून बाहेर पडलं की डावीकडून आत.

२० जानेवारी

पिळाची लाट मिळाली.

पेटीचा आकार ही गोष्ट पुस्तकात ओझरती येते, पण इथं सगळं तिच्यावर अडतं. लाट ३१.८ घरांची. पेटी ६४ घरांची घेतली तर दोन लाटा जवळजवळ नीट बसतात. पेटी ५० ची घेतली तर लाटेला दीड फेरा मारता येत नाही, कारण कडा जुळल्याच पाहिजेत. मग ती ताणून एक होते नाहीतर दाबून दोन. चित्र दोन्ही वेळा सुंदरच दिसतं. फक्त ऊर्जा सांगते की हे बळजबरीनं बसवलंय. मॅडमचा नियम: पेटीचा आकार बदलून बघितल्याशिवाय कुठलीही तरंगलांबी अहवालात लिहायची नाही.

२७ जानेवारी

भोवऱ्यांची जाळी. अ‍ॅनायसोट्रॉपी (बाणांना एखादी ठराविक दिशा जास्त आवडणं) शून्य असताना स्कर्मियॉनची जाळी ढोबळमानानं डी-वर्ग भागिले जे याच्या ०.२ पट क्षेत्रापासून ०.८ पट क्षेत्रापर्यंत टिकते, असं वाङ्मयात आहे. आमच्या आकड्यांत डी-वर्ग भागिले जे म्हणजे ०.०४, तेव्हा क्षेत्र ०.००८ ते ०.०३२ च्या दरम्यान हवं. मधोमधचं घेऊन पेटी १२८ ची केली, तापमान चढं ठेवून हळूहळू उतरवलं. पटकन थंड केलं तर अर्धवट पट्टे आणि अर्धवट भोवरे असं गोठून बसतं; सावकाश उतरवलं की भोवरे आपसूक त्रिकोणी रांगेत येतात. हातानं काढलेल्या अंदाजानं या पेटीत चौदाच्या आसपास भोवरे बसायला हवेत.

आता मोजणी. डोळ्यांनी मोजायचे नाहीत हे आधीच ठरलंय. स्कर्मियॉनची ओळख त्याच्या टोपॉलॉजिकल अंकावरून होते. मैत्रिणीला समजावताना मी असं सांगितलं: भोवऱ्यातला प्रत्येक बाण उचलून त्याचं शेपूट एका चेंडूच्या केंद्रात ठेव. केंद्रातला बाण खाली, कडेचे सगळे वर, दरम्यानचे सगळ्या दिशांना. भोवरा म्हणजे रुमाल धर. त्या रुमालानं चेंडू पूर्ण झाकला गेला, एकदाच, कुठंही उघडा न राहता, तर अंक एक. थोडासा जरी उघडा राहिला तर रुमाल सरकवून काढता येतो, आणि मग अंक शून्य.

सूत्रात तो चुंबकनाचा त्याच्या दोन अवकलांशी घेतलेला त्रिगुणाकार, क्षेत्रावर बेरीज करून चार पायनं भागलेला. पण जाळीवर अवकल काढायचं म्हणजे शेजारच्या घरांची वजाबाकी करायची, आणि मग अंक एक न येता एकाच्या जरा खाली येतो. भोवरा लहान असला की तूट वाढते. बर्ग आणि ल्युशर यांनी १९८१ मध्ये दिलेली पद्धत वापरली: जाळीचे त्रिकोण पाडायचे, प्रत्येक त्रिकोणाच्या तीन बाणांनी चेंडूवर किती घनकोन व्यापला तो काढायचा, बेरीज करायची. अंक बरोबर पूर्णांक येतो. जाळी कितीही भरड असो, पूर्णांकच. भोवऱ्याला पूर्णांकाशिवाय दुसरा पर्यायच नाही हे कागदावर माहीत होतं. आपल्याच कोडमधून तसं बाहेर पडताना पाहिलं तेव्हा मी मैत्रिणीला रात्री साडेदहाला फोन केला.

३ फेब्रुवारी

१२८ ची पेटी लॅपटॉपवर रात्रभर. आतली लूप नंबा या पायथनच्या साधनानं वेगवान केली, आता सकाळी चहाच्या आधी निकाल असतो.

८ फेब्रुवारी

मॅडमच्या प्रश्नाकडे.

आतापर्यंत डी आम्ही हातानं घातला. खऱ्या पदार्थात तो घालायला कुणी नाही, तो स्फटिकाच्या रचनेतून आला पाहिजे. मोरियाचा पहिला नियम कडक आहे: दोन अणूंच्या बरोबर मध्यबिंदूवर सममितीचं केंद्र (ज्याच्या आरपार सगळं उलटवलं तरी रचना तीच राहते असा बिंदू) असेल तर त्या जोडीचा डी शून्य. कमी नव्हे, शून्य.

क्रोमियम ट्रायआयोडाइड घ्या. २०१७ मध्ये याचा एकच थर चुंबक म्हणून उभा राहतो हे दाखवलं गेलं, ४५ केल्विनपर्यंत. ती मोठी बातमी होती, कारण मर्मिन आणि वॅग्नर यांच्या १९६६ च्या सिद्धान्तानुसार सगळ्या दिशा सारख्या असतील तर दोन मितींत शून्य केल्विनच्या वरच्या कुठल्याही तापमानाला चुंबकीय शिस्त टिकत नाही. इथं ती टिकते, कारण दिशा सारख्या नाहीत. बाणांना थराला काटकोनात उभं राहणं आवडतं. क्रोमियमचे अणू षट्कोनी जाळीत बसलेले, आणि जवळच्या दोन क्रोमियमच्या मध्यबिंदूवर सममितीचं केंद्र आहे. म्हणून जवळच्या जोडीचा डी शून्य. त्यापुढच्या, एक सोडून एक असलेल्या जोडीला मात्र डी असायला नियमाची आडकाठी नाही. पण आपल्याला ज्या दिशेचा डी हवा तो त्यातून सहज मिळत नाही.

लोह-जर्मेनियम-टेल्युराइड, ज्याला सगळे एफजीटी म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी आहे. एक थर म्हणजे अणूंची पाच प्रतलं: टेल्युरियम, लोह, मध्ये लोह आणि जर्मेनियम एकत्र, पुन्हा लोह, पुन्हा टेल्युरियम. जाडी सुमारे ०.८ नॅनोमीटर. ठोक, म्हणजे अनेक थरांच्या जाड पदार्थात सममितीचं केंद्र दोन थरांच्या मधल्या फटीत आहे. सुट्या एका थराला केंद्रच नाही! हे वाचून आम्हाला दोघींना वाटलं, मिळाला पीळ. मग थराची रचना कागदावर काढली आणि लक्षात आलं की मधल्या प्रतलाला आरसा आहे. वरच्या लोहाला जो डी मिळतो तोच खालच्या लोहाला उलट्या चिन्हानं मिळतो. वरचं लोहप्रतल डावीकडे पिळू पाहतं, खालचं तेवढंच उजवीकडे, आणि दोन्ही एकमेकांना घट्ट धरून आहेत.

मॅडमना चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, हाच तुमचा प्रकल्प. डी आहे पण लपलाय. तो केव्हा बाहेर येतो ते शोधा."

१५ फेब्रुवारी

सगळ्यात साधं प्रारूप. दोन समांतर साखळ्या. वरच्या साखळीत अधिक डी, खालच्या साखळीत उणे डी, समोरासमोरचे बाण जे-डॅशनं बांधलेले. जे-डॅश शून्य असेल तर प्रत्येक साखळी आपापल्या हातानं पिळते. जे-डॅश प्रचंड असेल तर दोन्ही सरळ. मध्ये सीमा कुठं?

ढोबळ हिशेब एका ओळीचा. पिळल्यानं प्रत्येक साखळीला दर घरामागे डी-वर्ग भागिले दोन जे एवढा फायदा, दोघींचा मिळून डी-वर्ग भागिले जे. पण दोघी विरुद्ध दिशेनं फिरतात म्हणून समोरासमोरची जोड कधी फायद्यात कधी तोट्यात, सरासरी शून्य. सरळ राहिल्या तर जोडीचा पूर्ण फायदा, जे-डॅश. तेव्हा सीमा जे-डॅश बरोबर डी-वर्ग भागिले जे, म्हणजे ०.०४. आता कोड काय म्हणतो बघू.

१९ फेब्रुवारी

कोड ०.०४ म्हणत नाही.

सुरुवातीची स्थिती पिळलेली ठेवली तर ती ०.०४ च्या बऱ्याच पुढेपर्यंत पिळलेलीच राहते. सरळ ठेवली तर खूप खालपर्यंत सरळच. कारण उघड आहे: कडा जोडलेल्या असताना फेऱ्यांची संख्या बदलायची तर कुठंतरी साखळी तोडावी लागते, आणि शून्य तापमानाला तेवढी ऊर्जा आणायची कुठून. म्हणून चित्र बघून निर्णय घ्यायचाच नाही. दोन्ही सुरुवातींपासून शेवटपर्यंत ऊर्जा उतरवायची, वेगवेगळ्या फेरेसंख्यांसाठी, आणि कुणाची कमी ते पाहायचं. तसं केल्यावर सीमा ०.०४ आणि ०.०५ च्या मध्ये, ०.०५ च्या बाजूला आली.

आणि सीमेजवळचा पीळ एकसारखा नाही. बराच पल्ला दोन्ही साखळ्या जवळजवळ समांतर, मग काही घरांत झटकन एका पूर्ण फेऱ्याचा फरक, मग पुन्हा समांतर. ढोबळ हिशेबात आम्ही पीळ एकसारखा धरला होता. निसर्गाला तशी सक्ती नाही, तो जोडीचा फायदाही घेतो आणि पिळाचाही, म्हणून पीळ जास्त वेळ तग धरतो.

मॅडमनी फळ्यावर दोन साखळ्यांच्या कोनांची बेरीज आणि वजाबाकी वेगळी केली. बेरीज मोकळी सुटते. वजाबाकीचं समीकरण म्हणजे साइन-गॉर्डन, तेच जे फ्रँक आणि व्हॅन डर मर्व यांनी १९४९ मध्ये दुसऱ्या स्फटिकावर बसलेल्या अणूंच्या थरासाठी वापरलं होतं. एका झटक्याची ऊर्जा आणि त्याला डीकडून मिळणारा फायदा समान केला की सीमा येते: पाय-वर्ग भागिले आठ, गुणिले डी-वर्ग भागिले जे. आकडे घातले, ०.०४९. आमच्या कोडच्या उत्तराशी जुळलं.

फळा पुसायच्या आधी फोटो काढला. डोमेन भिंतींच्या प्रसिद्ध सूत्रात, जिथं डीची किमान मर्यादा चार भागिले पाय गुणिले ए (सलग माध्यमातलं एक्स्चेंजचं माप) आणि के (अ‍ॅनायसोट्रॉपीचं माप) यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ अशी येते, तिथला चार भागिले पाय आणि हा पाय-वर्ग भागिले आठ एकाच मुळाचे आहेत. तिथं भिंतीची लढत अ‍ॅनायसोट्रॉपीशी असते, इथं समोरच्या साखळीशी.

खऱ्या एफजीटीत एकाच थरातली दोन लोहप्रतलं अंतरानं जवळ आणि घट्ट बांधलेली आहेत, जे-डॅश या सीमेच्या कितीतरी वर. म्हणजे सुट्या, शुद्ध, दोन्ही बाजूंनी सारख्या थरात लपलेला डी लपलेलाच राहणार.

२६ फेब्रुवारी

तासगावच्या मावशीकडून द्राक्षं आली, विभागात वाटली. काम नाही.

४ मार्च

मग २०१९ पासून या पदार्थांत गोल गोल भोवरे दिसल्याच्या बातम्या आल्या त्या कशाच्या? क्रोमियम-जर्मेनियम-टेल्युराइड तर केंद्रसममित आहे, आणि त्यातही दिसले.

उत्तर जुनं आहे. बाण उभे राहू पाहणारा चुंबकीय थर पुरेसा जाड असला की त्याचं स्वतःचंच चुंबकीय क्षेत्र त्याला पट्ट्यांत तोडतं, आणि बाहेरून क्षेत्र लावलं की पट्ट्यांचे बुडबुडे होतात. डी लागतच नाही. बेल लॅब्जमध्ये अँड्र्यू बोबेक यांनी १९६० च्या दशकात अशा बुडबुड्यांवर काम सुरू केलं आणि १९७० च्या दशकात त्यांची मेमरी बाजारातही आली होती. विभागातून निवृत्त झालेले एक सर परवा भेटले, त्यांना बबल मेमरी नीट आठवत होती. ते म्हणाले, "बाळ, तेव्हा आम्हाला वाटायचं हार्ड डिस्क संपली."

हे पायथनमध्ये लिहिण्यासारखं नाही, दूरवरच्या बाणांचीही बेरीज करावी लागते. घेंट विद्यापीठातलं मूमॅक्स-३ हे चुंबकांच्या गणनेचं सॉफ्टवेअर एनव्हिडियाचं कार्ड मागतं, ते आमच्याकडे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचं ऊमफ साध्या प्रोसेसरवर चालतं, ते डेस्कटॉपवर बसवलं. डी शून्य, जाडी काही दशक नॅनोमीटर.

बुडबुडे आले. आणि इथं प्रकल्पातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हाती लागली. टोपॉलॉजिकल अंक मोजला: बहुतेकांचा एक. म्हणजे अंकाच्या कसोटीला ते स्कर्मियॉनच ठरतात. पण भिंतीतले बाण बघितले तर काही बुडबुड्यांत ते घड्याळाच्या दिशेनं फिरतात, काहींत उलट. एकाच थरात, शेजारीशेजारी, दोन्ही हात. त्यांची ऊर्जा सारखी, त्यामुळे कुणाला कुठला हात मिळेल हे थंड होताना ठरतं. क्षेत्र किंचित तिरकं केलं तर तिसराच प्रकार निघतो, ज्याच्या भिंतीतले बाण अर्ध्या घेरात एकीकडून आणि अर्ध्या घेरात दुसरीकडून एकाच टोकाला जातात. तोही चित्रात गोलच, पण अंक शून्य.

तेव्हा कसोट्या दोन आहेत आणि त्या वेगळं सांगतात. अंक सांगतो की गाठ खरी आहे की नुसता गोल. हात सांगतो की गाठ कुणी मारली. सगळे भोवरे एकाच हाताचे असतील तरच तिथं डी आहे असं म्हणायचं. अनेक लेखांत, विशेषतः वृत्तांत, या दोन गोष्टी एकत्र कालवल्या जातात, आणि मग सममित स्फटिकात डी सापडला असा समज पसरतो. अहवालात याला स्वतंत्र प्रकरण द्यायचं असं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

७ मार्च

हाताला एवढं महत्त्व का, हे मैत्रिणीनं विचारलं आणि योग्यच विचारलं. उत्तर प्रवाहात आहे. शेजारच्या जड धातूतून प्रवाह सोडून स्पिन-ऑर्बिट टॉर्कनं भोवरे ढकलायचे असतील तर ढकलण्याची दिशा भिंतीतले बाण कुठं बघतात त्यावर ठरते. घड्याळाच्या दिशेचा भोवरा एकीकडे जाईल, उलटा दुसरीकडे. माहिती वाहून न्यायची रांग करायची आणि निम्मे मणी उलट चालू लागले, तर रांगच उरत नाही. अंक मात्र दुसरं काम करतो: त्याच्यामुळे भोवरा सरळ न जाता बाजूला सरकतो. याला स्कर्मियॉन हॉल परिणाम म्हणतात, २०१७ मध्ये दोन गटांनी तो थेट पाहिला.

१२ मार्च

प्रयोगवाले हात ओळखतात कसा? लॉरेन्ट्झ सूक्ष्मदर्शकात इलेक्ट्रॉन थरातून आरपार जातात आणि चुंबकनानं वळतात. फोकस थोडा हलवला की जो फरक उमटतो तो चुंबकनाच्या कर्लच्या (बाण कुठं किती गोल फिरतात याच्या मापाच्या) उभ्या घटकाच्या प्रमाणात असतो. आमच्याकडे बाण आहेतच, कर्ल काढायला दहा ओळी पुरल्या.

ऊमफच्या बुडबुड्यांत भिंतीतले बाण घेराच्या बाजूनं फिरतात, त्यांना ब्लॉख प्रकार म्हणतात. एका हाताचे पांढरे ठिपके, दुसऱ्या हाताचे काळे. हात थेट दिसतो. मग आमच्याच कोडमधले भोवरे घातले, ज्यांत बाण केंद्रातून बाहेर त्रिज्येच्या दिशेनं जातात, नील प्रकार. कर्ल शून्य. पडदा कोरा! जाळीभर भोवरे आहेत, प्रत्येकाचा अंक एक, आणि सूक्ष्मदर्शकाला काही दिसत नाही. नमुना तिरका केला की मगच प्रत्येक भोवरा अर्धा काळा अर्धा पांढरा उमटतो. एखाद्या लेखात सरळ ठेवलेल्या नमुन्यात काही दिसलं नाही आणि तिरका केल्यावर दिसलं असं असेल, तर ती तक्रार नसून नील प्रकाराचा पुरावा आहे, हे आता आम्हाला वाचताना कळतं.

२० मार्च

लपलेला डी बाहेर कसा काढायचा. आरसा मोडायचा. थराच्या एकाच बाजूला दुसरा पदार्थ ठेवायचा.

२०२० मध्ये एफजीटीवर टंगस्टन डायटेल्युराइडचा थर ठेवून हेच केलं गेलं. टंगस्टन जड, स्पिन-ऑर्बिट जोड तगडी. १०० केल्विनच्या खाली टोपॉलॉजिकल हॉल परिणामाचे (भोवऱ्यांमुळे प्रवाहाला आडवा उमटणाऱ्या जास्तीच्या व्होल्टेजचे) संकेत मिळाले, आणि लॉरेन्ट्झ सूक्ष्मदर्शकानं नील प्रकारचे भोवरे दिसले. सीमेवरचा डी त्यांनी दर चौरस मीटरला १ मिलिज्यूल असा काढला. थरांच्या पदार्थांची खरी ताकद मला इथं दिसते. एरवी दोन स्फटिक एकमेकांवर वाढवायचे तर त्यांची जाळी जुळावी लागते. इथं थर नुसते एकावर एक ठेवायचे, व्हॅन डर वाल्सच्या हलक्या ओढीवर ते बसतात. सममिती कुठं मोडायची हे आपण ठरवतो.

आमच्या दोन साखळ्यांत: वरचा डी ०.२ तसाच, खालचा शून्य, जे-डॅश मोठा. घट्ट बांधलेल्या जोडीला एकच साखळी धरलं तर एक्स्चेंज दोन जे आणि डी एकच, म्हणजे गुणोत्तर ०.१, फेरा ६३ घरांचा. कोड चालवला. पीळ आला, दोन्ही साखळ्यांत एकाच हाताचा, तरंगलांबी अपेक्षेप्रमाणे. खालच्या साखळीत स्वतःचा डी नाही तरी ती वरचीच्या हातानं वळते. वरचा ०.३ आणि खालचा उणे ०.१ घेतला तरी हेच उत्तर. बाहेरून फक्त चिन्हासकट बेरीज दिसते, प्रत्येकाचा वेगळा डी दिसत नाही.

यातून एक गोष्ट सरळ निघते: थर वाढवत गेलं की सीमेवरचा डी जास्त लोहांत वाटला जातो, गुणोत्तर घसरतं, भोवरे मोठे होतात, आणि जाड नमुन्यात पुन्हा बुडबुड्यांचं भौतिक वरचढ होतं. खऱ्या प्रयोगांतले भोवरे शंभरेक नॅनोमीटरचे असतात. एफजीटीची जाळी सुमारे ०.४ नॅनोमीटरची, तेव्हा एका फेऱ्यात अडीचशेच्या आसपास घरं, म्हणजे गुणोत्तर ०.०२५ च्या पातळीचं. आम्ही ०.२ घेतो ते फक्त लॅपटॉपला झेपावं म्हणून. अहवालात हे पहिल्या पानावर लिहायचं, तळटीपेत नाही.

२ एप्रिल

उन्हाळा कडक. दुपारी डेस्कटॉप तापून बंद पडतो, म्हणून ऊमफ पहाटे लावतो. लॅबमधले मामा सहा वाजता कुलूप उघडून देतात, स्वतःहून, आम्ही सांगितलेलं नसताना.

बाबांना चित्रं दाखवली. त्यांची हळदीची अडत, गणिताशी रोजचा संबंध पण वेगळा. त्यांनी विचारलं, "हे सगळं कमी तापमानाला. आपल्या सांगलीच्या उन्हात चालणारं काही आहे का?" आहे. लोह-गॅलियम-टेल्युराइड, २०२२ मध्ये पुढे आलं, क्युरी तापमान ३५० केल्विनच्या वर. म्हणजे उकळत्या पाण्याच्या जवळपास पोचेपर्यंत ते चुंबक राहतं. बाबा म्हणाले, "मग त्याच्यावर का नाही काम करत?" हा प्रश्न मी मॅडमना तसाच नेऊन दिला.

१० एप्रिल

अंतर्गत सादरीकरण. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की भोवरे टोपॉलॉजीनं सुरक्षित असतात तर ते नाहीसे होतात कसे. मैत्रिणीनं फार चांगलं उत्तर दिलं: सुरक्षितता सलग माध्यमात पूर्ण असते, जाळीवर नाही. भोवरा आकसत काही घरांचा झाला की शेजारच्या दोन बाणांमधला कोन एवढा वाढतो की तो उलटा होऊ शकतो, आणि अंक एका क्षणात एकवरून शून्य. त्याला लागणारी ऊर्जा मर्यादित आहे. तापमान वाढलं की ती मिळते. बर्ग-ल्युशरच्या बेरजेचा आलेख तिनं दाखवला, एक, एक, एक, आणि मग सरळ खाली शून्य, मध्ये काहीही नाही.

मला विचारलं: एका वाक्यात सांगा, एफजीटीत स्कर्मियॉन आहेत का? मी म्हणाले, सर, कुठल्या बाजूला काय ठेवलंय ते आधी सांगा.

१६ एप्रिल

अहवाल बांधायला दिला. कोड, दोन साखळ्यांचा आणि जाळीचा, विभागाच्या डेस्कटॉपवर ठेवलाय. सोबत पेटीच्या आकाराबद्दलची सूचना आणि तपासायचे आकडे: ३१.८, ०.०४९, ६३. पुढच्या वर्षीच्या मुलांनी आधी हे तीन काढून बघावेत.

मॅडमनी बाबांच्या प्रश्नाला हो म्हटलंय. मेमध्ये दोन साखळ्यांच्या जागी दोन जाळ्या आणि तापमान घालायचं, वरच्या बाजूला डी बदलत न्यायचा, आणि लोह-गॅलियम-टेल्युराइडसाठी वाङ्मयातले एक्स्चेंजचे आकडे गोळा करायचे. मैत्रीण मिरजेहून येणार, मी इथंच आहे. सोमवारी सकाळी सुरुवात.